1 तास 36 मिनिटं

मुंबई ते कराची हे हवाई अंतर सुमारे 875 किलोमीटर आहे. मुंबईहून दिल्ली याच्यापेक्षा लांब. दोन शहरांची नावं टाकली की विमानाला लागणारा वेळ सांगणाऱ्या साइट्स असतात, त्यातल्या एकीने मला उत्तर दिलं: 1 तास 36 मिनिटं. हिशेब सोपा आहे. पृथ्वीच्या गोलाईवरून सगळ्यात जवळचं अंतर घ्यायचं, ताशी 800 किलोमीटरने भागायचं, वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास धरायचा. त्या मार्गावर विमान आहे की नाही, याच्याशी हिशेबाला देणंघेणं नसतं.

विमान नाहीये. एप्रिल 2025 मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशही बंद केलं.

हे सगळं मी शोधत होते आजीसाठी. तिचा जन्म 1934 चा, कराचीतला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, 1936 मध्ये वेगळा झाला. पणजोबा बंदरावर कारकून. नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावाची शाळा बंदर रोडवर होती (आजही आहे), आजीचे मोठे भाऊ तिथे शिकले. 1947 मध्ये सगळे बोटीने मुंबईला आले. आजी तेव्हा तेरा वर्षांची होती.

डॉक्टरांनी तिला दोन तासांपर्यंतचा विमानप्रवास चालेल असं सांगितलंय. म्हणजे कराची बसते! पण जायचं तर दुबईवरून: आधी 1,930 किलोमीटर पश्चिमेला, मग जवळपास 1,190 परत पूर्वेला. साडेतीनपट अंतर, मधे विमानतळावर ताटकळणं, आणि व्हिसा मिळाला तर. तो मिळेल असं घरात कुणालाच वाटत नाही, पण तिच्यासमोर तसं कुणी बोलत नाही.

गंमत म्हणजे आपल्याकडच्या विमानसेवेची सुरुवात याच मार्गावर झाली. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला पेट्रोल भरायला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. एका इंजिनाचं छोटंसं पस मॉथ विमान. सकाळी निघून दुपारी मुंबईत! आज व्हाया दुबई त्यापेक्षा जास्त वेळ लागेल.

मी हे आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अगं, पण आम्हाला कुठलं विमान? बोटीत मला उलट्या झाल्या, तेवढंच आठवतंय."

दुबईत माझ्यासोबत काम केलेला एक मित्र कराचीचा आहे. त्याला मी शाळेबद्दल सांगितलं होतं. एका रविवारी तो बाईकवरून तिथे गेला आणि चार मिनिटांचा व्हिडिओ पाठवला. शाळेची दगडी इमारत, रिक्षांची गर्दी, एक उसाच्या रसाची गाडी. व्हिडिओ पोचायला काही सेकंद लागले असतील.

आजीने तो दोनदा पाहिला. शाळा ओळखली की नाही, ते बोलली नाही. "ट्राम कुठाय?" एवढंच विचारलं. मी मित्राला मेसेज केला. ट्राम 1975 मध्ये बंद झाली, असं त्याचं उत्तर आलं.

"म्हणजे आम्ही आल्यावर बरीच वर्षं चालली तर," आजी म्हणाली, आणि फोन परत माझ्या हातात दिला.