किनाबालूची पाठपिशवी

मलेशियातील साबा राज्यात जाऊन किनाबालू चढायचे ठरले, तेव्हा घरातल्या मोठ्यांनी विचारले, "डोंगरच चढायचा तर आपला सह्याद्री काय वाईट?" प्रश्न रास्त होता. पण कळसूबाईचे शिखर १६४६ मीटरवर संपते आणि किनाबालूची पायवाट सुरूच होते १८६६ मीटरवर, तिंपोहोन फाटकापाशी. शिखर ४०९५ मीटर. खरी काळजी वेगळीच होती. मुलीला लहानपणापासून दमा आहे.

डॉक्टरांनी तपासून होकार दिला, पण एका अटीवर. पंप दोन हवेत, एक तिच्या खिशात आणि दुसरा आमच्यापैकी कोणाच्या तरी अंगावर. पिशवीत ठेवलेला पंप वेळेला सापडत नाही. तीन महिने दर रविवारी आम्ही पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन गडाच्या पायऱ्या चढलो. मुलीचे अब्बा सर्वांत पुढे असत.

पिशव्या दोन तऱ्हेच्या भरल्या, कारण प्रवासही दोन तऱ्हेचा. डोंगरावर पहाटे पाणी गोठेल अशी थंडी, तर खाली दानुम खोऱ्याच्या जंगलात अंगाला चिकटणारा दमट उकाडा. थंडीसाठी एकच जाड स्वेटर न घेता एकावर एक घालायचे पातळ, लवकर वाळणारे कपडे, पावसाचा कोट, हातमोजे आणि कपाळावर बांधायचा दिवा घेतला. पिनांचा हिजाब वाऱ्यात टिकत नाही म्हणून डोक्यातून घालायचे शिवलेले हिजाब घेतले, वरून कानटोपी. तिकडे तीन चौकोनी पायांचे प्लग लागतात, हे आठवले म्हणून बरे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू तोलली आणि लाडवांचा डबा घरीच राहिला. खजूर आणि चिक्की तेवढी घेतली.

जंगलात जळवा फार. त्यासाठी शिंप्याकडून मांजरपाटाचे गुडघ्यापर्यंतचे मोजे शिवून घेतले. ते पॅन्टवरून घालून नाडीने बांधायचे. आम्ही कोकणी शाफई, मलेशियाचे लोकही शाफई. आपल्या मजहबात रक्त निघाल्याने वुजू जात नाही, पण कपडा नापाक होतो, म्हणून नमाजचा एक जोड वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. हनफी वाचकांनी लक्षात ठेवावे, वाहते रक्त निघाले तर त्यांना वुजू पुन्हा करावा लागेल.

डोंगरासाठी चामडी मोजे मात्र अवश्य न्या. पूर्ण वुजू करून घातले की मुसाफिराला तीन दिवस तीन रात्री त्यांवर मसह करता येतो. बर्फासारख्या पाण्यात पाय धुवायची वेळ येत नाही.

वाटाड्या सोबत घेणे तिथे सक्तीचे आहे. परवाना आणि वरच्या मुक्कामाची जागा काही महिने आधीच ठरवावी लागते. पहिल्या दिवशी सहा किलोमीटर चढून आम्ही पानालाबानला पोहोचलो. मुलगी हळूहळू, पण ठीक आली. संध्याकाळी अब्बांचे डोके दुखू लागले, मग उलटी. उंचीचा त्रास धडधाकट माणसालाही होतो, हे वाचले होते, तरी आमचे सारे लक्ष मुलीच्या छातीकडे. त्रास असताना आणखी वर जायचे नाही, हे घरीच ठरले होते. त्यांनी वाद घातला नाही. वाटाड्याने तपासून सांगितले, रात्री आराम करू द्या, वाढले तर ताबडतोब खाली नेऊ.

मध्यरात्रीनंतर त्यांचे दुखणे उतरले होते. अडीच वाजता आम्ही दोघी मायलेकी वाटाड्याबरोबर निघालो, तेव्हा ते दारापर्यंत आले आणि आपल्या खिशातला दुसरा पंप माझ्या खिशात घालून चेन ओढली.

फजरची नमाज आम्ही उघड्या ग्रॅनाइटवर, वाऱ्याकडे पाठ न करता येईल अशा जागी, मसह करून अदा केली. अल्हम्दुलिल्लाह, शिखर गाठले. मुलीने पंप एकदाच घेतला. परत आलो तेव्हा अब्बांनी तिघांच्या पिशव्या भरून ठेवल्या होत्या आणि सर्वांत जड आपल्याकडे घेतली होती.