मेडिकल टाकायला निघालेल्या मुलीस

प्रिय मुली,

बी. फार्म.चं शेवटचं वर्ष संपत आलं की घरोघरी एकच विषय निघतो. अंबडला ग्लॅक्सोसारख्या कंपनीत चिकटायचं, एम. फार्म. करायचं, की एमआर होऊन बॅग उचलायची? तू मात्र स्वतःचं मेडिकल टाकायचं म्हणतेस. नाशकात गल्लोगल्ली मेडिकल असताना आणखी एक कशाला, असं घरच्यांनीही ऐकवलं असेल. औषधांच्या दुकानात आयुष्य काढलेल्या मला तुझा निर्णय मनापासून पटला. पत्र उघड लिहितोय, कारण गंगापूर रोडपासून आडगावपर्यंतच्या कॉलेजांतून तुझ्यासारखी कितीतरी मुलं बाहेर पडताहेत.

आधी पैशाचं बोलू. किंमत नियंत्रणाखालच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के मिळतात, २०१३ च्या आदेशातच तसं ठरलंय. बाकीच्यांवर रिवाजाने २० टक्के. त्यातून गाळ्याचं भाडं, वीजबिल, हाताखालच्या पोराचा पगार आणि एक्सपायरीत अडकलेला माल. समोरच्या साखळी दुकानावर ‘२० टक्के सूट’ अशी पाटी असेल, मोबाइलवर त्याहून जास्त. त्या शर्यतीत उतरू नकोस, तिथे तुझा निभाव लागणार नाही.

मग लोक तुझ्याकडे का येतील? तू शिकलीस आणि तू समोर उभी आहेस, म्हणून.

समज, संधिवाताची एक बाई चिठ्ठी घेऊन आली. मेथोट्रेक्सेट. या दुखण्यात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस दगावतोसुद्धा. घाईतला पोरगा ‘जेवणानंतर एक’ म्हणून स्ट्रिप पुढे सरकवतो. तू विचारशील, ‘मावशी, वार कुठला ठरवलाय डॉक्टरांनी?’ ती म्हणेल सोमवार. मग पाकिटावर ठळक मराठीत ‘फक्त सोमवारी’ लिहायचं, फोलिक ॲसिडची गोळी कुठल्या दिवशी तेही लिहायचं आणि तिच्याकडून एकदा वदवून घ्यायचं. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. चार वर्षं फार्माकॉलॉजी वाचलीस ती या दोन मिनिटांसाठी, असं मी मानतो.

म्हणूनच एका गोष्टीला मी हात जोडून नाही म्हणायला सांगतो. कुणीतरी घरी येईल आणि म्हणेल, ‘ताई, तुम्ही फक्त सर्टिफिकेट लावा, महिन्याचे पैसे घरपोच.’ १९४८ च्या फार्मसी कायद्याचं ४२ वं कलम सांगतं, की चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. २०१२ च्या सुमारास महेश झगडे एफडीएचे आयुक्त होते, तेव्हा फार्मासिस्ट जागेवर नसलेल्या दुकानांवर धडाक्याने कारवाई झाली आणि विक्रेत्यांनी बंद पुकारले. पण मला कारवाईची भीती घालायची नाही. तुझं नाव भिंतीवर आणि तू घरी, अशा दुकानात त्या मावशीला वार कोण विचारणार?

माल गोळे कॉलनीतून घेशील. तिथे एखादा बिलाशिवाय स्वस्तात देऊ करेल. घेऊ नकोस. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. पुढे जवळजवळ ४० वर्षांनी, २०२५ मध्ये, छिंदवाड्याच्या लेकरांचा जीव घेणाऱ्या ‘कोल्ड्रिफ’ सिरपमध्येही तेच विष निघालं. तेव्हा आपल्या एफडीएने एसआर-१३ या बॅचबद्दल इशारा दिला. अशा दिवशी ज्याच्याकडे खरेदी-विक्रीची बिलं बॅचनंबरसकट आहेत, तो तासाभरात गिऱ्हाइकांना फोन लावू शकतो. बाकीचे नुसते रॅक चाळत बसतात.

स्ट्रिप कापायचीही रीत आहे. दोनच गोळ्या मागणाऱ्याला परत पाठवू नकोस, त्याच्या खिशात तेवढेच पैसे असतात. बॅच आणि एक्सपायरी छापलेलं टोक शेवटपर्यंत दुकानात राहील असं काप, आणि दोन्ही गोष्टी त्याच्या बिलावर लिही.

आणखी एक. द्राक्षांच्या छाटणीला पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडकडे मजूर येतात. अंग ठणकतं, म्हणून गोळी मागतात. रोज डायक्लोफेनॅक खाऊन मूत्रपिंडाचं काय होतं ते तू शिकली आहेसच. स्टेरॉइड मिसळलेल्या पुडीने चटकन आराम पडतो, म्हणून तीही मागतील. ती देऊ नकोस. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, जाऊ दे. पण आधी त्याला बसवून ‘लघवी कमी होते का, पायाला सूज येते का’ एवढं विचार, आणि सरकारी दवाखान्याची वाट दाखव.

गाळा बघताना दहा चौरस मीटरची अट सगळेच सांगतील. तू दुपारी चारला जा, मे महिन्यात जमलं तर फारच चांगलं. पश्चिमेचं ऊन रॅकवर येतं का ते बघ. वीज किती वेळ जाते ते शेजारच्या दुकानदाराला विचार, कारण इन्सुलिनला २ ते ८ अंशच लागतात. आणि काउंटरच्या कडेला दोन खुर्च्यांची जागा सोड. म्हाताऱ्या माणसांना औषध समजून घ्यायला वेळ लागतो, त्यांना उभं ठेवू नकोस.

तुझा,
एक जुना फार्मासिस्ट, नाशिक