करपल्याचा वास

अंबाजोगाईला राहून कपडे वाळविण्याचें यंत्र घरांत आणणें म्हणजे भर उन्हांत बसून शेकोटी पेटविण्यासारखें आहे, असें माझें परवांपरवांपर्यंत ठाम मत होतें. बीड जिल्ह्याच्या बाबतींत देवानें पुष्कळ ठिकाणीं हात आखडता घेतला असेल, पण ऊन देतांना त्यानें कधीं कंजूषपणा केलेला नाहीं. चैत्रांत गच्चीवर टाकलेली चादर दुसरी पिळून होईतों वाळते. परंतु २०२५ च्या ज्येष्ठांत आईचें खुब्याचें हाड मोडलें, चौऱ्याऐंशी वर्षांची ती माउली अंथरुणाला खिळली आणि दिवसांतून तीन तीन वेळां चादरी बदलाव्या लागूं लागल्या. आषाढांत पुण्याच्या चिरंजीवांनीं माझें मत न विचारतां तें यंत्र पाठवून दिलें. पहिली कोरडी, उबदार चादर अंगाखालीं येतांच आईच्या चेहऱ्यावर जें समाधान दिसलें, त्यापुढें माझ्या मताचें कांहीं चाललें नाहीं.

यंत्राची रचना तशी साधी. एक पिंप फिरत असतें, विजेनें तापलेली हवा पंखा त्यांतून खेळवितो आणि कपड्यांतला ओलावा घेऊन ती हवा एका नळीनें भिंतीबाहेर जाते. कपड्यांची सुटलेली लव बरीचशी आंतल्या गाळणींत अडकते. उरलेली हवेबरोबर पुढें निघते. गवंड्याकडून भिंतीला चार इंची भोंक पाडून घेतलें. त्यांतून उंदीर-पाली घरांत शिरूं नयेत म्हणून बाहेरच्या तोंडाला बारीक तारेची जाळी बसविण्याची युक्ति मात्र माझी स्वतःची. इंग्रजी साहित्य शिकविणाऱ्या मनुष्याला असें कांहीं सुचलें, याचा मला थोडा अभिमानहि वाटला होता.

सप्टेंबरांत पावसानें मराठवाड्याला झोडपून काढलें. त्या दिवसांत आमचें यंत्र अहोरात्र फिरत होतें. हळूहळू ध्यानांत येऊं लागलें कीं, कपडे दुप्पट वेळ फिरूनहि दमटच राहतात, पण हात लावावा तर चटका बसतो. यंत्राचा माथा तव्यासारखा तापे. सौभाग्यवतीनें दोनदां बजावलें. मीं तें हवेच्या दमटपणावर ढकललें. मग एके सकाळीं यंत्र मुकाट झालें.

दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थानें मागचा पत्रा उघडून तपासलें. उष्णता मर्यादेबाहेर गेली कीं स्वतः वितळून वीज तोडणारा एक बोटभर फ्यूज असतो. तो गेला होता. नवा संभाजीनगरहून यायला आठ दिवस लागणार. “सर, तोंवर दोन तारा जोडून देतों, मशीन चालेल,” तो म्हणाला. मीं होकार दिला. हा फ्यूज कां वितळला, एवढा एक प्रश्न मीं विचारला नाहीं. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आईच्या उशाशीं ओल्या चादरींची रास पडली होती, हें खरें. तरी तें लिहितांना आजहि लाज वाटते.

चौथ्या रात्रीं यंत्र सुरू ठेवून आम्ही झोंपलों. दीडच्या सुमारास आईची हांक आली, “अरे, कांहीं तरी करपतंय!” धांवत जाऊन बटण बंद केलें. यंत्रांत तिचीच गोधडी होती, तिच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली. एक कोपरा तांबूस-काळा होऊन कुरकुरीत झाला होता. यंत्र आणि आईची खाट यांच्यामध्यें एक लाकडी दार. आणि जिला उठून पळतां येत नाहीं, अशी घरांत तीच एक.

माझ्या लहानपणीं पावसाळ्यांत कोळशाच्या शेगडीवर डालगें पालथें घालून आई धाकट्या भावंडांचीं दुपटीं वाळवीत असे. दुपटीं उलथीपालथीं करीत ती शेगडीशेजारीं बसून राही, आणि निखाऱ्यांवर राख ओढल्याखेरीज जागेवरून उठत नसे. यंत्राला असें कोणी राखणदार नसतें, म्हणूनच तर तो बोटभर फ्यूज दिलेला. आणि त्यालाच आम्हीं वगळलें होतें.

दुसऱ्या दिवशीं आमच्या कामवाल्या मावशींनीं नळी ओढून काढली, तों आंतून राखाडी लवेचे झुपके पडले. मावशी पूर्वीं माजलगांवला सरकी काढण्याच्या कारखान्यांत होत्या. चिमूटभर लव बोटांत चोळून त्या म्हणाल्या, “सर, हे तर जिनातलं तूस हाय. तिथं कुणी बिडी काढली तरी मुकादम अंगावर यायचा.” आम्ही अंगणांत जाऊन पाहिलें. माझ्या त्या जाळीवर लवेचा अंगठ्याएवढा जाड नमदा बसला होता. वारा जाण्याजोगें एक छिद्र उरलें नव्हतें. हवा अडली कीं उष्णता तापलेल्या तारेपाशींच कोंडते. तिचें नियमन करणारी दुसरी कळ असते ती हवेच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर, आणि जी हवा तेथें पोंचतच नाहीं, तिची वार्ता त्या कळेला कोठून कळावी?

कपाटांतून यंत्राची माहितीपुस्तिका काढली. बाहेरच्या तोंडाला जाळी लावूं नये, गाळणी दर खेपेस साफ करावी, असें तींत स्वच्छ इंग्रजींत छापलेलें होतें. तळटीपा न वाचणाऱ्या विद्यार्थ्यांवर मी तीस वर्षें तोंडसुख घेत आलों आहें! अमेरिकेंत २००८ ते २०१० या वर्षांत अशा यंत्रांमुळें घरांना लागलेल्या आगी वर्षाला सुमारें २,९०० भरल्या, आणि त्यांच्या कारणांत साफसफाईची हयगय सर्वांत पुढें होती, हें मागाहून वाचनांत आलें.

जाळी काढून तेथें हवेच्या दाबानें उघडणारें झांपड बसविलें. चुरगळलेल्या नळीच्या जागीं पत्र्याची आंखूड, सरळ नळी आली. फ्यूज येईपर्यंतचे दिवस चादरी इस्तरीनें वाळवून काढले, तेंहि जमलें. दुरुस्तीवाल्याला मीं बोल लावला नाहीं; कोणत्या तोंडानें लावणार?

सौभाग्यवतीनें गोधडीच्या कोपऱ्याला हिरवें ठिगळ लावलें आहे. रात्रीं दिवे मालवले कीं आई विचारते, “बंद केलंस का रे?” केलेलें असतेंच. तरी मी उठतों, यंत्राच्या माथ्यावर हात ठेवून पाहतों आणि तिला सांगून परत येतों.