ताबा सुटला म्हणजे काय?

डिसेंबर उजाडला की आमच्या निफाड तालुक्याला राज्यभर भाव येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून पहाटेचा आकडा घ्यायचा, एक फोटो शेकोटीचा, एक द्राक्षबागेचा. 'निफाड गारठले'. झाली बातमी. वीस वर्षं हेच करतोय, दरवेळी फक्त आकडा बदलतो.

त्याच पहाटे त्याच रस्त्यावर दूधवाले असतात, पेपरवाले असतात, फर्स्ट शिफ्टला निघालेली पोरं असतात. सगळे मोटरसायकलवर. त्यांची बातमी आतल्या पानावर, चार ओळींची. ती कशी लिहायची हे मला झोपेतसुद्धा येतं. 'भरधाव दुचाकीवरील ताबा सुटल्याने रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रॉलीवर पाठीमागून आदळून...'

गेल्या हिवाळ्यात अशीच एक बातमी मी दिली. पोलीस ठाण्यातून फोनवर माहिती घेतली, पाच मिनिटांत पाठवून दिली. जागेवर गेलो नाही. थंडी होती, दुसरं काय सांगू.

आठवड्याने मयताचा थोरला भाऊ ऑफिसला आला. खिशात कात्रण. भांडला नाही. म्हणाला, "साहेब, भरधाव लिहिलंय तुम्ही. दोन्हीकडून दुधाचे कॅन लावलेली गाडी. चाळीसच्या वर ती पळतच नव्हती. अन् ट्रॉलीला मागं एक लाईट नव्हता."

मी म्हटलं, "दादा, जे पोलिसांनी सांगितलं ते लिहिलं. अन् कोर्टात कात्रणाला तशी काही किंमत नसते."

"कोर्टात नसंल. गावात असती."

चहासुद्धा न घेता गेला.

मग मी पंधरा-वीस दिवस मुद्दाम पहाटे पाचला गाडी काढली. निफाडहून लासलगाव, कधी विंचूर, दोनदा नांदूर मधमेश्वरच्या बाजूला. आधी ठरवलं होतं की रस्ता बघायचा, पण पहिल्या दिवशी स्वतःची बोटंच बघत बसलो.

पारा 6 अंशांवर असेल आणि तुम्ही ताशी 50 ने चालला असाल, तर उघड्या कातडीला ते जवळपास शून्य अंशासारखं लागतं. वारा अंगातली ऊब ओढून नेतो. दहा मिनिटांत बोटं लाकडासारखी होतात. ब्रेकच्या लिव्हरवर बोट आहे हे दिसतं, पण कळत नाही. ताशी 50 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. बोटांनी अर्धा सेकंद उशीर केला तर गाडी 7 मीटर पुढे गेलेली असते. 'ताबा सुटला' याचा एक अर्थ हा आहे, आणि तो मला गाडी चालवायला लागल्यापासून तीस वर्षांनी कळला.

लोकरीच्या हातमोज्यांचा काही उपयोग नाही, वारा आरपार जातो. त्यावर भांडी घासायचे रबरी मोजे चढवले तर फरक पडतो. दिसायला ध्यान दिसतं, दिसू द्या. मात्र इतके जाडही नकोत की ब्रेक हाताला लागेना. स्वेटरचंही तेच. बाहेरून वारा अडवणारं काहीतरी पाहिजे, अगदी रेनकोटचं जाकीट चालतं. आमचे पेपर टाकणारे तर शर्टाच्या आत छातीवर कालचा अंक घालतात. एकाला विचारलं तर म्हणाला, "भाऊ, रंगीत पुरवणी जास्त गरम राहते." आमच्या व्यवसायाचा इतका थेट उपयोग मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

दुसरी गोष्ट हेल्मेटची. थंडीत आपल्याकडे हेल्मेट हँडलला आणि डोक्याला मफलर, ही पद्धत. हेल्मेट घातलंच तर आत तोंडावर मफलर घट्ट. मग श्वास वर जातो, काचेवर वाफ धरते आणि समोरचं सगळं दुधाळ. लोक म्हणतात धुई फार होती. अर्धी धुई बाहेर असते, अर्धी काचेच्या आत. नाकावरून मफलर खाली घ्या, काच बोटभर उघडी ठेवा. काचेला आतून साबणाचा पातळ हात फिरवून कोरड्या कापडाने पुसलं तरी वाफ कमी धरते. आणि मफलरची टोकं आत खोचा. मागे लोंबणारं टोक चेनमध्ये गेलं की सावरायला वेळ मिळत नाही.

धुईत अप्पर मारला की प्रकाश उलट आपल्याच डोळ्यांवर येतो, म्हणून डिपरच ठेवायचा. नांदूर मधमेश्वरला पाण्याच्या बाजूने धुकं असं पसरतं की पूल संपला कधी तेही समजत नाही. पुढे द्राक्षपट्ट्यात शेतकरी बागा वाचवायला पहाटे शेकोट्या करतात. त्यांची चूक नाही, वर्षाचं पीक असतं ते. पण तो धूर वर जात नाही, थंड हवेत खालीच दबून राहतो आणि धुक्यात मिसळतो. अशा जागी वेग निम्मा करायचा, हा एकच उपाय मला सापडला. टायरची हवाही थंडीत आपोआप उतरते, दर 5-6 अंशांना साधारण एक पीएसआय. दुपारच्या उन्हात, गाडी पळवून आल्यावर भरलेली हवा पहाटे तेवढी नसते. वळणावर दहिवराने ओला झालेला उसाचा पाला पडलेला असला, तर तिथे ब्रेक दाबूच नका. आधीच हळू व्हा.

हे सगळं दुचाकीवाल्याने करायचं. पण एवढं करून तो जाऊन आदळतो कशावर?

कारखाने सुरू झाले की उसाच्या जोडट्रॉल्या, आणि कांद्याची आवक वाढली की बाजार समितीकडे रात्रीच निघालेले ट्रॅक्टर. ऊस मागे दोन-तीन फूट बाहेर आलेला. टेललाईट असलाच तर त्या उसामागे झाकलेला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ट्रेलरला मागे दोन्ही बाजूंना लाल रिफ्लेक्टर लावायला सांगितलेत. वाहन धोकादायक ठिकाणी उभं करून जाणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 खाली गुन्हा आहे. एका पहाटे मी रस्त्याकडेला उभ्या राहून ट्रॉल्या मोजल्या. तासाभरात 23 गेल्या. मागून काहीतरी चमकतंय अशा फक्त 6. हा काही सर्व्हे नाही, माझ्या वहीतला आकडा आहे.

ट्रॉली पंक्चर झाली की ड्रायव्हर मागे चार दगड मांडतो, वर बाभळीची फांदी. तोच त्याचा इशारा. चाक बदललं की ट्रॉली जाते, दगड तिथेच राहतात. पुढच्या पहाटे त्या दगडांवर कुणाची तरी गाडी उडते, आणि आम्ही लिहितो ताबा सुटला. ड्रायव्हरलाही मी फार बोलत नाही. रात्रभर जागा असतो, ट्रॉली मालकाची, टेपचे पैसे कोण देणार यावर मालक आणि ठेकेदार एकमेकांकडे बोट दाखवतात.

आता माझं. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान असतं. पाहुणे येतात, बॅनर लागतो, एका ट्रॉलीला रिफ्लेक्टर चिकटवतानाचा फोटो निघतो. त्या फोटोत ट्रॉली एकच असते, हात अकरा असतात. ही बातमी मी दरवर्षी चार कॉलमात लावली. उरलेल्या ट्रॉल्यांचं काय झालं, हे विचारायला एकदाही गेलो नाही. अपघाताच्या बातमीत 'ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हते' एवढे तीन शब्द टाकायला जागा नव्हती असंही नाही. मी विचारलंच नव्हतं.

हल्ली फोनवर माहिती घेताना तीन प्रश्न विचारतो. ट्रॉली मागून दिसत होती का? किती वेळ उभी होती? वेग कुणी मोजला? पहिल्यांदा विचारलं तेव्हा पलीकडचा माणूस हसला. आता नुसता वैतागतो. उत्तर मिळालं नाही तर 'भरधाव' लिहीत नाही, इतकंच माझ्या हातात आहे.

त्या भावाकडे मी नंतर गेलो होतो. बातमीची दुरुस्ती छापून आली होती, ती घेऊन. आतल्या पानावर, दोन इंच. त्याने वाचली, घडी घातली आणि त्याच खिशात ठेवली. गोठ्यात म्हशी होत्या, धारेची वेळ होती. दूध आता तोच घालतो, त्याच रस्त्याने. मी त्याला माझ्याकडचे रबरी मोजे दिले. म्हणाला, "तेवढी टेप मिळाली तर बघा, आमच्या कॅनला मागून लावतो."

यंदाच्या अभियानाचं निमंत्रण व्हॉट्सॲपवर आलंय. सकाळी साडेदहाला, तहसीलसमोर, भर उन्हात. मी उत्तर पाठवलंय की पहाटे पाचला ठेवा, विंचूर चौफुलीवर, फोटो मी काढतो. दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.