महामार्ग कोणीकडून न्यावा?

कलबुर्गी-बिदरचा मुलूख आमच्या बहुतेक वाचकांनी गाणगापूरच्या, नाहीतर माणिकनगरच्या निमित्ताने ओझरता पाहिलेला असतो. दर्शन, प्रसाद आणि परतीची गाडी एवढ्यात यात्रा आटोपते; मधला रस्ता कोणी पाहत नाही. गेल्या मार्गशीर्षात दत्तजयंतीसाठी आम्ही कलबुर्गीहून निघालो, ते मात्र रस्त्याचाच विचार मनात घेऊन. माणिकप्रभूंच्या समाधीचे दर्शन झाल्यावर आम्हांस बिदर जिल्ह्यातील एका गावी जावयाचे होते. तेथील ग्रामसभेपुढे प्रश्न होता, की गावचा रस्ता आता महामार्ग व्हायचा, तर तो कोणीकडून न्यावा?

कलबुर्गी सोडली की दोन्ही अंगांना काळी जमीन लागते. या दिवसांत तूर शेंगांनी लवलेली असते. कमलापुरास तांबड्या सालीची केळी दिसतात. पुढे मातीचा रंग पालटतो आणि बिदरच्या पठाराचा जांभा डोके वर काढू लागतो. हुमनाबादेस दोन राष्ट्रीय महामार्ग एकमेकांस भेटतात. पुण्याहून सोलापूर, हैदराबाद करीत मछलीपट्टणास जाणारा ६५ क्रमांकाचा. जुनी मंडळी त्यास अजून ‘नऊ नंबर’च म्हणतात. दुसरा ५० क्रमांकाचा, नांदेडकडून बिदरमार्गे येऊन कलबुर्गी, विजयपूर ओलांडीत चित्रदुर्गास जाणारा.

हुमनाबादेहून सोलापूरच्या दिशेने निघाले की बसवकल्याणचा फाटा लागतो. चालुक्यांची ही राजधानी. विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली ती येथे, आणि बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरणांनी जातिभेदास आव्हान दिले तेही येथेच. ज्या नगराकडे एके काळी दूरदूरच्या वाटा येऊन मिळत, त्याच्या बाहेरूनच आज महामार्ग जातो. गावात जावयाचे तर फाट्यावर उतरावे लागते. राजधानीची ही गत, मग खेड्याची काय कथा?

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली होती. कानडी, मराठी आणि दखनी या तिन्ही भाषांत वाद चालला होता, आणि कोणास दुभाष्याची गरज भासत नव्हती. मूळचाच रस्ता रुंद करावा, असे पेठेतल्यांचे म्हणणे होते. चहाच्या हॉटेलवाल्याने उभे राहून विचारले, “गाडी बाहेरून गेली तर माझ्या दुकानापुढं थांबणार कोण? कल्याणचं बघा की!” त्यावर मागून एक बाई म्हणाल्या, “आमची पोरं हाच रस्ता ओलांडून शाळेला जातात. दुकानं हलवता येतील, अण्णा; पोरं कुठं हलवू?” शेतकऱ्यांस दोन्ही पटत होते, परंतु गावाबाहेरचा वळणरस्ता म्हणजे त्यांच्याच जमिनीतून. कोणाचेच म्हणणे खोटे नव्हते. अखेर हात वर झाले, आणि मूळ रस्ता रुंद करावा असा ठराव पीडीओंनी लिहून घेतला.

सभा उठत असता एक वृद्ध शेतकरी आमच्याजवळ आले. त्यांनी मुंडाशातून कानडी वर्तमानपत्राची एक घडी काढली. शेंगदाणे बांधून आलेला तो कागद होता. “गुरुजी, यातला आकडा माझ्या पहाणीवर आहे तसाच दिसतो. वाचून सांगा की.” पहाणी म्हणजे महाराष्ट्रातील वाचकांचा सातबारा. आम्ही कागद पाहिला आणि क्षणभर बोलता येईना. ती भूसंपादनाची अधिसूचना होती. ज्या वळणरस्त्यावर सकाळपासून सभा वाद घालीत होती, त्याचे सर्व्हे नंबर सतरा दिवसांपूर्वीच छापून आले होते. त्यांत म्हाताऱ्याच्या विहिरीचाही नंबर होता.

येथे कायदा थोडक्यात सांगणे अवश्य आहे. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ सालचा. जमीन घेण्याची आजची कलमे त्यात १९९७ साली घातली गेली. अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत द्यावा लागतो, त्यांपैकी एक देशी भाषेतील. प्रसिद्धीपासून एकवीस दिवसांच्या आत लेखी हरकत घेता येते आणि तीवर सुनावणी होते. नंतरची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारची. उरतो तो केवळ भरपाईचा प्रश्न. ग्रामसभेच्या ठरावास मान आहे, परंतु या कायद्यात त्याचे बंधन नाही.

उरले होते चार दिवस. आम्ही मराठीचे एम. ए.; कचेरीच्या कानडीत अर्ज लिहावयाचा तर आमची लेखणी अडखळते. शेवटी म्हाताऱ्याची नात पुढे सरसावली. कानडी माध्यमातील नववीची विद्यार्थिनी ती! आम्ही मराठीत मुद्दे सांगत गेलो आणि ती ओळीमागून ओळ कानडीत उतरवीत गेली. विहीर कोठे आहे, तिच्यावर किती जमीन भिजते, रेषा थोडी सरकविल्यास काय वाचेल, सारे तिने मांडले. आजोबांना वाचून दाखविताना मात्र ते तिने घरच्या मराठीत वाचले. दुसऱ्या दिवशी अर्ज दाखल झाला आणि पोच मिळाली. सुनावणीचा निकाल अद्याप लागावयाचा आहे.

१९५६ हे साल आमच्या भागास दुहेरी आठवते. ज्या वर्षी सप्टेंबरात संसदेचा हा कायदा झाला, त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. त्या रेषेविषयी आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून पुष्कळ ऐकले आहे. घरात मराठी टिकविली पाहिजे, हेही आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो आणि विद्यार्थ्यांस शिकवीत आलो. परंतु मुलांनी कानडी नीट शिकावी, एवढ्याच आग्रहाने आम्ही किती वेळा सांगितले? त्या सायंकाळी आमच्यापाशी याचे उत्तर नव्हते.

परतताना बस त्याच शेताजवळून गेली. तुरीच्या तासांमधून मोजणीचे नवे दगड सरळ रांगेत उभे होते. शेवटचा दगड विहिरीच्या काठाशी होता. मुलगी तेथे घागर भरीत होती. आम्हांस पाहून तिने हात हलविला.