मामीच्या मणक्यापर्यंतची वाट

गेला महिनाभर मी भेटेल त्याला हीच गोष्ट सांगत सुटले आहे. आता तुम्हालाही सांगते, कारण मला ती पोटात ठेवता येत नाही.

मामीच्या पाठीत उसण भरली आहे, असं आम्ही चार महिने धरून चाललो होतो. शेक झाला, मलमं झाली, कमरेचा पट्टा झाला, 'आता वय झालं' हेही म्हणून झालं. रात्री कूस बदलताना ती कळवळायची, संध्याकाळी अंगात कसर असायची, ब्लाउज सैल व्हायला लागले होते. पण खोकला? एकदाही नाही. त्यामुळे एमआरआय बघून हाडांचे डॉक्टर म्हणाले, "मणक्याचा टीबी वाटतोय," तेव्हा मामा उठून उभाच राहिला. "टीबी? अहो, तिला साधी ढासही लागत नाही!"

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. एकावर एक रचलेले मणके, कडा स्वच्छ, आणि खाली, छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात तिथे, दोन मणके कुरतडलेले. वरच्याची खालची कड आणि खालच्याची वरची कड, अगदी समोरासमोर. मधली गादी मात्र बऱ्यापैकी शाबूत!

"हे दोनच का? आणि असे समोरासमोर का?" मी विचारलं.

त्यांनी फिल्मच्या पाकिटावर पेनाने एक रेघ ओढली आणि तिला दोन फाटे काढले. एकच रक्तवाहिनी येते, म्हणाले, आणि तिचा एक फाटा वरच्या मणक्याच्या खालच्या अर्ध्या भागात जातो, दुसरा खालच्या मणक्याच्या वरच्या अर्ध्या भागात. मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. मग रक्तातून जे येईल, ते या दोन्ही शेजाऱ्यांकडे एकदमच उतरणार!

"म्हणजे जंतू रक्तातून आला. पण रक्तात कुठून आला?"

"फुप्फुसातून. आणि फुप्फुसात आला श्वासातून. कदाचित वीस वर्षांपूर्वी."

वीस वर्षं! त्या रात्री मी झोपले नाही. वाचत बसले, आणि जे वाचत गेले त्याने अक्षरशः वेड लावलं.

कुणीतरी खोकतं. हवेत तरंगणाऱ्या एका बारीक थेंबातून जंतू आपल्या फुप्फुसाच्या वायुकोशात उतरतो. तिथे पहाऱ्यावर असलेली भक्षक पेशी त्याला गिळते. दुसरे बहुतेक जंतू इथे संपले असते. हा त्या पेशीच्या पोटातच मुक्काम ठोकतो आणि वाढतो! तेही किती सावकाश? आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत 20 मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी 15 ते 20 तास लागतात. शरीराला खरा प्रतिकार उभा करायला काही आठवडे लागतात, आणि नेमक्या त्या आठवड्यांत काही जंतू फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या लसिका ग्रंथींमध्ये पोचतात. तिथून लसिकेच्या प्रवाहाबरोबर मानेच्या मुळाशी असलेल्या मोठ्या नीलेत, आणि नीलेतून थेट हृदयात. एकदा हृदयात पोचल्यावर काय उरलं? ते मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त सगळ्या अंगभर फेकतं! ज्या रक्ताने प्राणवायू पोचतो, त्याच रक्ताने हा पाहुणा पोचतो: मूत्रपिंडात, मेंदूच्या आवरणात, लांब हाडांच्या टोकांना, मणक्यांत. आणि याला प्राणवायू भरपूर लागतो, म्हणून ही भरपूर रक्ताची ठिकाणं त्याला मानवतात.

बहुतेकांच्या शरीरात तो तिथेच कोंडला जातो, आयुष्यभर. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण 5 ते 10 टक्क्यांनाच कधीतरी आजार होतो. प्रतिकारशक्ती ढासळते आणि कोंडलेला जंतू जागा होतो, कधी फुप्फुसातच, कधी भलतीकडेच. मामीच्या बाबतीत तो मणक्यात जागा झाला.

आणि हे किती जुनं आहे! इजिप्तमध्ये अमून देवाच्या एका पुजाऱ्याची सुमारे 3000 वर्षांपूर्वीची ममी आहे, नेस्पेरेहान त्याचं नाव. 1910 मध्ये तिची तपासणी प्रसिद्ध झाली. त्याच्या पाठीला मणक्याच्या क्षयाचं कुबड आणि कमरेच्या आतल्या स्नायूत मोठं गळू! मणक्यातला पू त्या स्नायूच्या कडेने खाली सरकत जांघेपर्यंत येऊ शकतो. ना लाली, ना गरमपणा, म्हणून त्याला थंड गळू म्हणतात. गळू जांघेत आणि रोग पाठीत!

लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने 1779 मध्ये मणक्याच्या या आजाराचं आणि त्याने लुळ्या पडणाऱ्या पायांचं वर्णन लिहिलं. जंतू सापडायला त्यानंतर 103 वर्षं लागली. 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने तो जाहीर केला.

जंतू एकदम मोठ्या संख्येने रक्तात सुटले तर छातीच्या एक्स-रेवर दोन्ही फुप्फुसांत राळ्याच्या दाण्याएवढे ठिपके पसरलेले दिसतात. या प्रकाराचं 'मिलिअरी' हे नाव राळ्यासारख्या बारीक धान्यावरूनच पडलंय. आणि आपल्या दंडावरचा बीसीजीचा व्रण? ती लस सर्वांत भरवशाचं संरक्षण देते ते लहान मुलांना, या मिलिअरी क्षयापासून आणि मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून. म्हणजे फुप्फुसातून पुढच्या प्रवासाची वाटच ती अडवते! माझ्या दंडावरच्या त्या व्रणावरून मी त्या रात्री कितीदा बोट फिरवलं असेल.

वाट उलटीही असते, हे त्याच रात्री कळलं. आमांशाचा अमीबा आतड्यातून रक्तावाटे यकृतात जाऊन गळू करतो, आणि ते गळू श्वासपटल फोडून फुप्फुसात फुटलं तर रोगी चॉकलेटी बेडका खोकतो. यकृतातला पू तोंडावाटे बाहेर!

मामीच्या मणक्यातून सुईने नमुना काढला, सीबीनॅट चाचणी झाली, निदान पक्कं झालं. सरकारी केंद्रातून गोळ्या मोफत सुरू झाल्या. पहिल्या दिवशी लघवी नारिंगी झाली म्हणून ती घाबरली, पण तो गोळ्यांमधल्या रिफॅम्पिसिन या औषधाचा रंग. कोर्स निदान वर्षभराचा आहे. दीड महिन्यातच कसर थांबली आहे, आणि परवा ती एकटी जिना उतरून खाली आली.

एक गोष्ट मात्र तुम्ही नक्की लक्षात ठेवा. निदान कळलं त्या दिवशी घरात कुणीतरी मामीचं ताट-भांडं वेगळं काढलं होतं. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, टीबी ताटावाटीतून लागत नाही, फुप्फुसाचा टीबी असलेल्याच्या खोकल्यातून हवेत पसरतो. मामीच्या छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे आणि हाडातला टीबी श्वासातून कुणाला लागत नाही. ताट त्याच रात्री आमच्या पंगतीत परत आलं. तुमच्या घरी कुणाची पाठ महिनोन्महिने दुखत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर खोकल्याची वाट बघू नका. एमआरआय करून घ्या.