फुगडीचा भार

आमच्या नृत्यमंडळाचा जमाखर्च मांडावयाचा झाला, तर नृत्यापेक्षां आगगाडीच्या तिकिटांचाच खर्च त्यांत अधिक निघेल! आम्ही चौघी मैत्रिणी. मी पुण्यास कॉलेजांत इंग्रजी शिकवितें. दुसरी नागपुरास असते, तिसरी मुंबईस आणि चौथी बेळगांवास. 2011 सालीं मंडळ सुरू झालें, तेव्हां साऱ्याजणी पुण्यांतच होतों. पुढें बदल्या, संसार आणि घरचीं म्हातारीं माणसें यांनीं आम्हांला चार दिशांना नेलें. आतां वर्षांतून दोनदां, तीन-तीन दिवस आम्ही एकत्र येतों.

आमचा नाच आधीं बसविलेला असता, तर प्रश्न सोपा होता. आपापल्या घरीं पावलें घोकावीं आणि प्रयोगाच्या दिवशीं तीं जुळवावीं. पण आमच्या नाचांत घोकण्याजोगें कांहींच नाहीं. एकीनें दुसरीच्या अंगावर भार टाकावा, तिनें तो पेलावा, आणि त्यांतून आयत्या वेळीं जी हालचाल सुचेल तोच आमचा नाच. हें ज्यांना चमत्कारिक वाटेल त्यांनीं फुगडी आठवावी. पावलांना पावलें भिडवून, हातांत हात गुंफून दोघी मागें झुकतात. त्या स्थितींत एकटीला क्षणभरहि उभें राहतां येणार नाहीं.

या नृत्यप्रकाराची सुरुवात अमेरिकेंत स्टीव्ह पॅक्स्टन यांनीं 1972 सालीं केली. ओबर्लिन कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनीं गादीवर पडण्या-उठण्याचा, एकमेकांवर आदळण्याचा एक प्रयोग केला. त्याच्या अखेरीस सारेजण कांहीं मिनिटें नुसते उभे राहिले. पुढें हा नाच गांवोगांवीं पसरला, तशा दुखापतींच्या वार्ताहि येऊं लागल्या. नांवावर कायदेशीर हक्क सांगून शिकविणाऱ्यांना निर्बंध घालावे, असा विचार निघाला. पण शेवटीं तो सोडून त्या मंडळींनीं 1975 मध्यें एक लहानसें वार्तापत्र काढलें. दूरदूरच्या नर्तकांनीं आपापले अनुभव लिहावे आणि परस्परांनीं ते वाचावे, एवढाच त्याचा हेतु. ही हकीकत मीं मैत्रिणींना कितीदां तरी ऐकविली होती. तिचा अर्थ मात्र मला 2023 च्या मे महिन्यांत कळला.

सहा महिन्यांनीं आम्ही भेटलों होतों. नाच रंगला, आणि मीं सवयीनें नागपूरच्या मैत्रिणीच्या डाव्या खांद्यास पाठ टेकून सारा भार सोडला. ती कोसळली. तिचें मनगट मोडलें. हिवाळ्यापासून तिच्या डाव्या गुडघ्यानें असहकार पुकारला होता, हें मला ठाऊकच नव्हतें.

"अगं, सांगितलं कां नाहींस?" मीं जवळजवळ रागावूनच विचारलें.

"तूं विचारलंस कधीं?" ती म्हणाली. "तूं माझ्यावर टेकलीच नाहींस. तूं टेकलीस ती नोव्हेंबरांतल्या माझ्यावर."

दूर राहणाऱ्यांच्या मैत्रीचें खरें दुखणें हेंच असावें. माणूस समोर येतें, आणि आपण मात्र त्याच्या आठवणीलाच भेटत राहतों. आठवणीला गुडघे नसतात. त्यामुळें ते दुखतहि नाहींत.

मंडळ मोडावें, असें माझ्या मनानें घेतलें. पण प्लॅस्टर निघण्यापूर्वींच तिचा चौघींना संदेश आला. त्यांत नाचाविषयीं अवाक्षर नव्हतें: झोप बरी लागते, गुडघा जिना चढतांना नव्हे, उतरतांना दुखतो, आईला पुन्हां घरीं आणलें आहे. तेव्हांपासून दर रविवारीं आम्ही चौघी असेंच कांहीं लिहितों. भेटलों म्हणजे पहिला पाव तास एकमेकींच्या पाठीवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहतों. मंडळ टिकलें आहे तें एवढ्यावरच.

गेल्या भेटींत तिनें आपण होऊन फुगडीसाठीं हात पुढें केले. मी मागें झुकण्यास कचरत होतें.

"अगं, एवढ्यानं फुगडी व्हायची नाहीं. टाक जरा भार!" ती म्हणाली.

किती टाकूं, असें मीं या वेळीं विचारलें.